बाबांची डावी पोटरी

शांताराम,

फ्लूचा ताप उतरल्यावर बाबांना रोज अंगणात चालवायचं, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तू त्यांना पंधरा दिवस खाटेवरून उतरू दिलं नाहीस. मग डावी पोटरी सुजली, तर बेटेगावहून चोळणारा आणून गरम तेलाने रगडून घेतलीस. आता बाबांना धाप लागली आहे. डॉक्टर म्हणतात, पायात रक्ताची गुठळी झाली होती, चोळल्याने सुटून छातीत गेली असेल. मी त्यांना जीपने बोईसरच्या दवाखान्यात नेते आहे. तेलाची बाटली उकिरड्यावर फेकली, शोधू नकोस. भात झाकून ठेवलाय, खाऊन लगेच ये.

बाबांना जीपमध्ये बसवून ही चिठ्ठी लिहायला आत आले आहे. बसताना ते म्हणाले, "सुलू, त्याला बोलू नको. मायेनं केलंय त्यानं."

म्हणून तिथे मी एक शब्द बोलणार नाही. इथे लिहिलाय तेवढा वाच.

सुलूताई