लिंबाखालची फरशी

आणि वर मलाच विचारतात, बाई, एका झाडासाठी एवढं कामून भांडायलीस! दारातला कडू लिंब श्रावणापासून पानं गाळतोय, शेंडा वाळलाय, बुडाशी शहाबादी फरशी सिमेंटनं चिकटवून ठेवलीय, आणि नगरकमेटी म्हणते, किती छान दिसतं, ठेसनच्या रस्त्यावरच्या सगळ्या झाडांना अशीच फरशी करू. दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. म्हणून आता कागदावर लिहिते, कागदाला चहा पाजता येत नाही.

मी चंद्रभागाबाई, हरिबा माळी यांची विधवा, राहणार बीदर, वय पन्नाशीच्या आसपास. पोटात गाठ आहे. पुढच्या महिन्यात येळअमावास्या झाली की हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात ती कापणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं येऊन बोलून बघावं. शाळा उर्दूची होती, मी गेले नाही, अक्षरं नवऱ्यानं शिकवली. हे मृत्युपत्र माझ्या मर्जीनं, माझ्या हातानं लिहिते. चुका दिसल्या तर अर्थ बघावा.

एक. माझा पाटा नणंद नागूबाई हिनं मागून नेला तो परत दिला नाही. तो तिलाच राहू द्यावा. वरवंटा माझ्याकडं आहे, तोही न्यावा. मी मागितला तेव्हा "कसला पाटा, वहिनी?" म्हणाली होती, ते मात्र मी विसरलेले नाही. पातळं आणि तांब्याची घागर तिच्या सुनेला, तिला नाही.

दोन. हरिबाची लोखंडी पहार शेजारी बसवंतप्पा फरशीवाले यांना. कशाला, ते पुढं कळेल.

तीन. घर, परसू आणि परसातला आड. हे नीट वाचावं.

गेल्या साली चैत्रात आडाचं पाणी तळाला गेलं. गाळ काढणारे सांगितल्या दिवशी आले नाहीत. मला वाट बघता येत नाही. कासोटा घातला, कमरेला दोर बांधला आणि उतरले. वर दोर धरायला बसवंतप्पा, आणि रस्त्याकडच्या झाडांची पाहणी करत आलेले ओव्हरसियर श्रीनिवासराव. खाली तांबडा दगड, टिकाव मारला तर ठिणगी उडावी असा. त्या दगडातून एक मूळ बाहेर आलं होतं, माझ्या मनगटाएवढं. लिंब रस्त्यावर, आड घरामागं. माझ्या चुलीखालून, माझ्या अंथरुणाखालून, दगड फोडत ते पाण्यापर्यंत आलं होतं. आणि पाण्यावर त्याचे हजार धागे पसरले होते, लालभडक, न्हायला सोडलेल्या केसांसारखे. डोक्यावर ऊन होतं, त्याची तिरीप पडली आणि ते सगळे केस हलले. मी हात लावायला गेले आणि मागं घेतला. देवळातसुद्धा माझा हात कधी असा मागं येत नाही.

वरून बसवंतप्पा ओरडला, "अक्का! काय दिसायलंय?"

मी त्या केसांकडंच बघत होते.

"साहेब, ओढा ओढा! अक्का बोलंना, म्हंजे गेली!"

मी गेले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले होते. मला वर ओढल्यावर श्रीनिवासरावही उतरले. वर येऊन म्हणाले, "बाई, आम्ही हे पुस्तकात शिकलो. बघितलं आजच."

तेव्हापासून त्यांना विचारल्याशिवाय मी रोप लावत नाही. त्यांनीच सांगितलं की झाड खालून पाणी पितं, पण त्याची बारीक मुळं वरच्या मातीत असतात, त्यांना हवा लागते, पावसाचं पाणी मुरावं लागतं. वरची माती बंद केली की झाड गुदमरतं.

पुढं बसवंतप्पाच्या सुनेला देवी निघाल्या. ती वाचली. लिंबात देवी राहते म्हणून त्यानं नवस फेडला. दुकानातली सगळ्यात चांगली फरशी आणून बुंध्याला चिकटवून बसवली. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, "देवीच्या पायाला चिखल लागू द्यावा का, अक्का?" मी म्हटलं, "तिचे पाय मी बघून आलेय रे. तू दोर धरला होतास."

दसऱ्याला मी आरसा धरून ऊन आडात पाडलं. मुळाचे निम्मे केस काळे पडलेत.

म्हणून घर, परसू, आड नगरकमेटीला, रोपं करण्यासाठी. अट अशी: लिंबाची सावली पडते तेवढ्या जागेतली फरशी उचलावी. रस्त्याच्या कडेला श्रीनिवासराव सांगतील तशी लिंब, चिंच, करंज अशी मिसळून झाडं लावावीत, एकाच जातीची रांग नको, रोग आला तर सगळी एकदम जातात. बुंध्याशी माती उघडी ठेवावी. आड बुजवू नये. वर्षातून एकदा कमेटीच्या एका तरी माणसानं त्यात उतरून बघावं. घाबरला तर दोर धरायला बायका मिळतील.

अट मान्य नसेल तर घर पुतण्या गुंडेरावला. तो आड बुजवून तुरीचं गोदाम करणार आहे. तोंडावर सांगितलंय त्यानं, खोटं बोलला नाही, एवढाच त्याचा गुण.

सही: चंद्रभागाबाई हरिबा माळी
साक्षीदार: श्रीनिवासराव, ओव्हरसियर
साक्षीदार: बसवंतप्पा, फरशीचे व्यापारी, सभासद नगरकमेटी
मुक्काम बीदर, सोमवार, २९ नोव्हेंबर १९५४

बसवंतप्पा, सही केलीस, आता हे सहीखालचं वाच. कमेटीत तुझ्या शब्दापुढं कुणी जात नाही, आणि तुझ्या नवसाच्या फरशीला तुझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही. पहारीसाठी मी मरायची वाट बघू नकोस, आजच घेऊन जा. येळअमावास्येला तू शेतात जाशील, काळ्या मातीला हात जोडशील, तिच्यावर आंबील शिंपडशील. त्या दिवशी गाडी जुंपायच्या आत माझ्या दारात ये आणि सांग, फरशी उचलणार का न्हाई?