बाबांचं खोबरेल

प्रिय रुचिरा,

फोनवर हे बोलता येत नाही गं. जोगेश्वरीच्या आपल्या एका खोलीत बाबा दिवसभर पलंगावर, माझा शब्दन् शब्द त्यांच्या कानावर पडतो. म्हणून लिहितेय.

दम अजून लागतो. मोरीपर्यंत गेले तरी भिंत धरून उभे राहतात. मरोळच्या गाळ्यात एवढी वर्षं लोखंडी कपाटांवर रंग फवारला, त्याचंच हे सगळं, असं आपण धरून चाललो होतो. कामाला निघताना गावच्या घाण्याचं खोबरेल करंगळीने नाकात सोडायचे आणि मान मागे टाकून आत ओढायचे. म्हणायचे, रंगाची वाफ तेलाला चिकटते, आत जात नाही. गाळ्यातल्या सीतारामलाही त्यांनीच ती सवय लावली. तुला सर्दी झाली की वाटी घेऊन तुझ्यामागेही लागायचे आणि तू पलंगाखाली दडायचीस.

तू आणलेला मास्क त्यांनी घातला, पण आतून तेल चोपडून. तेलाने मास्क निकामी होतो, हे तू परोपरीने सांगितलंस आणि शेवटी चिडून म्हणालीस, "बाबा, हा निव्वळ अडाणीपणा आहे." तेव्हापासून तुम्ही दोघं जेवलीस का, जेवलात का, याच्यापुढे बोलत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. बरोबर तूच होतीस, तरीही वाटतं.

परवा डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. रंगाने छाती खराब केलीच, पण फुप्फुसात साचलंय ते तेल, म्हणाले. रोज ओढलेलं थेंब थेंब खाली उतरत गेलं. बाबांना एवढंच सांगितलं की औषधं चालू आहेत तोवर तेल बंद. त्यांनी ऐकलं. सीतारामलाही तपासून घ्यायला लावलं. त्याच्या छातीत काही निघालं नाही, देव पावला.

सोमवारी तू त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहेस. आधी एकटी आत जा आणि तेलाचा विषय त्यांच्यासमोर काढू नका म्हणून सांग. तूही काढू नकोस. काल शेजारच्या शांताबाई बघायला आल्या, तेव्हा बाबा धापा टाकत त्यांना सांगत होते, "तेल होतं म्हणून एवढी वर्षं निभावलो. पोरीला पटत नाही, पण त्या तेलाच्या जिवावरच तिला शिकवली." तुलाही ते हेच सांगतील. या वेळी तू नुसतं हो म्हण.

तुझीच,
आई