नवऱ्याचं बालपण

कैरो, शनिवार, १६ जून १९८४

ती. इन्साफताईस,
धाकट्या रिफअतचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मनाला घोर लागला होता. आता आईकडून कळलं की रोजे संपेपर्यंत तू माहेरीच आहेस. बरं झालं, तिचे पाय चेपायला कोणीतरी हवंच होतं. पण मुतवल्लीदाजींच्या इफ्तारचं काय? सुतारकाम करून आलेला माणूस उपाशी ठेवू नकोस हो.

एक बातमी आहे. आमच्या साप्ताहिकात टीव्हीच्या मालिकांवर लिहिणारे गृहस्थ पित्ताशयाच्या दुखण्याने इस्पितळात गेले आणि संपादक उस्ताद फिक्रींनी ते पान मला दिलं. मी मुद्रितं तपासणारा, आठवीपुढे शाळा न पाहिलेला. तसं मी म्हणालोही. ते म्हणाले, दोन वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतोयस, आता एकदा स्वतःच्या कर.

रमजानची ती दुर्रियाची मालिका तू पाहतच असशील. मी रोज घराखालच्या कॉफीघरात बसून टिपणं काढली. नवरा हात उगारतो तेव्हा पडद्यावर आधी तो हात दिसतो, आणि लगेच तो सात वर्षांचा असताना बाप त्याला पट्ट्याने मारतोय ते दृश्य. एरवी डॉमिनोवरून भांडणारे बाप्ये तिथे डोळे पुसतात. मी लिहिलं की हा माणूस दुष्ट नाही, जखमी आहे. त्याचा हात हा त्याच्या बापाचाच हात आहे. रुसून माहेरी गेलेली दुर्रिया हे ओळखून आपणहून परत येते, तेव्हा ती हरत नाही, त्याला बरं करते. उस्ताद फिक्री म्हणाले की पदवीधरालाही असं मन उकलता येत नाही.

खाली माझं नाव छापलंय, बाबांच्या आणि आजोबांच्या नावासकट. तीनदा तपासलं. एक अंक आईच्या पत्त्यावर, दुसरा दाजींच्या कारखान्यावर धाडलाय. मी कैरोत नुसती शाई पुसतो असं ते चारचौघांत म्हणायचे, म्हणून.

आईला सलाम. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा
रिफअत


दुम्यात, शनिवार, २३ जून १९८४

चि. रिफअतला,
इन्साफताईचा आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी माझ्या, म्हणजे मुतवल्लीच्या घरून लिहिते आहे.

मी पाय चेपायला माहेरी गेले नव्हते, रुसून गेले होते. वर्षातली तिसरी खेप. आईने तुला कळू दिलं नाही, म्हणाली, तो तिकडे एकटा, घास उतरायचा नाही त्याला. या वेळी बरगडी दुखावली होती. परत जायचं नाही हे मी पक्कं केलं होतं. बाबा नाहीत, म्हणजे समेटाच्या बैठकीत शब्द तुझा. भाऊ नको म्हणाला की आपल्याकडे कोणी बाई उठवून नेत नाही, हे तुला माहीत आहे. तू ईदला येशील, तो शब्द टाकशील, एवढ्यावर मी दिवस काढत होते.

संध्याकाळी शेजारच्या उम्म जलालकडे मालिका बघायला जायचे. ती म्हणायची, हिला एवढा मार बसतो पण काजळ काही फिसकटत नाही, कुठल्या दुकानातलं ते विचारून या ग कोणीतरी. आम्ही हसायचो. हसताना मी बरगडी धरून बसायचे.

परवा गुरुवारी मुतवल्ली आला. बरोबर त्याचे काका हाजी शहाता, गल्लीतली चार माणसं आणि मिशब्बक मिठाईचं खोकं. आई म्हणाली, रिफअत आल्याशिवाय बैठक नाही. तेव्हा हाजींनी खिशातून तुझं पान काढलं. म्हणाले, रिफअत बोलून बसलाय, तेही साऱ्या देशासमोर. मग मोठ्याने वाचलं. मुतवल्ली तोंड झाकून रडला. त्याचा बाप त्याला रंध्याच्या फळीने मारायचा, हे गल्लीला माहीत आहे. शेवटी हाजींनी आईला एवढंच विचारलं, ‘हे नाव तुमच्याच मुलाचं ना?’

आई हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिला तर त्या नावाचा अभिमान वाटत होता. मी आत जाऊन गाठोडं बांधलं.

तुला माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे. पहाटे सहरीला काहीतरी खात जा.
तुझी
इन्साफ


कैरो, मंगळवार, २६ जून १९८४

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. किती वेळा वाचलं ते लिहीत नाही.

टिपणांची वही पुन्हा उघडली. पंचवीस भागांत त्या नवऱ्याचं बालपण चार वेळा दाखवलंय. दुर्रियाचं एकदाही नाही. ती लहानपणी कशी होती, कशाला भ्यायची, काही नाही. मार बसला की कॅमेरा तिच्याकडे वळतच नाही, त्याच्या आठवणीत शिरतो. ती परत का आली हेही ती सांगत नाही, तो सांगतो. हे सगळं माझ्याच अक्षरात तारीखवार लिहिलेलं आहे आणि मला दिसलं नाही. कॉफीघरातले बाप्ये तिच्यासाठी रडतायत असं मी समजलो. ते स्वतःसाठी रडत होते.

हे असंच लिहून उस्ताद फिक्रींपुढे ठेवलं. त्यांनी नीट वाचलं. म्हणाले, पहिल्यापेक्षा चांगलं आहे, पण छापणार नाही. त्या लेखावर चाळीस पत्रं आली आहेत, बहुतेक नवऱ्यांची. लोकांना एकदा पटलेलं आपणच खोडायचं नसतं.

तेव्हा मी तोंडानेच सांगणार. ईदच्या पहिल्या दिवशी येतो. हाजींना आज वेगळं पत्र टाकलंय की बैठक बोलवा, बहिणीचा भाऊ हजर असेल. तोपर्यंत सांभाळ. त्याच्यासमोर हे पत्र ठेवू नकोस.

चुकलेल्या भावाला टाकू नकोस.
रिफअत


दुम्यात, सोमवार, १६ जुलै १९८४

चि. रिफअतला,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पोचल्याचं पत्र मिळालं. बैठकीत तू चांगला बोललास. मी पडद्यामागे होते. आवाज कापत होता, पण एक शब्द चुकला नाही. उम्म जलाल म्हणाली, पोरगा वकील व्हायचा. हाजी जे म्हणाले ते मनाला लावून घेऊ नकोस. लिहिताना तू थंड डोक्याचा होतास आणि आता बहिणीचं रडं ऐकून आलास, म्हणून आम्ही थंड डोक्याचं धरतो, असं ते म्हणाले. ते पान सापडलं नसतं तर त्यांनी दुसरं काही धरलं असतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

तू विचारलंस म्हणून खरं लिहिते. तू गेलास त्याच्या चौथ्या दिवशी झालं. डाव्या कानाने ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, पडदा भरून येईलही. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. पूर्वी मारून झालं की मुतवल्ली रडायचा, पाया पडायचा, दोन दिवस भांडी घासायचा. त्या दोन दिवसांत मी त्याला काहीही बोलू शकायचे. आता रडत नाही. आता तो खुर्ची ओढून बसतो आणि मला समजावून सांगतो. बापाची फळी, कारखान्यातला अपमान, जखमी माणूस, सगळं तुझ्याच शब्दांत. तुझं पान त्याने चौकट करून दिवाणखान्यात लावलंय. चौकट सुरेख केली आहे, बीच झाडाच्या लाकडाची, कोपऱ्यांत नक्षी. आलेल्या पाहुण्यांना सांगतो, मेव्हण्याने लिहिलंय.

आईने तुला सांगितलं नसेल, मला दिवस गेले आहेत. तिसरा महिना. मुतवल्ली खुशीत आहे. काल पाळण्याचं लाकूड तासत होता. आतापासूनच सगळ्यांना सांगतो, पोरगा झाला तर रागीटच निघणार, त्याचा काय दोष, आमच्या घराण्यातच आहे.

प्रकृतीला जप. पत्र पाठवशील ते आईच्या पत्त्यावर पाठव.
तुझी
इन्साफताई