काचेआधी वळणारी तांबोशी

रत्नागिरी, आश्विन वद्य दशमी, शके १८५४. दिवेलागण.

दादाचं दाभोळहून पत्र आलं, दिवाळीला माहेरी न्यायला येतो म्हणून. ह्यांना विचारायचं तर ठरलेलं उत्तर, "मग हौदाचं पाणी कोण बदलणार?"

हौद कसला, दोन म्हशी डुंबतील एवढा. कडेला जांभ्याचे चिरे, पुढून-मागून मुंबईहून आणलेली काच. ह्यांच्या माशांना उजेड हवा म्हणून बांधला तो नेमका माझ्या खिडकीसमोर. तिथून मला दाभोळची बोट दिसायची. आता पाण्याआडून दिसते, वाकडीतिकडी.

आधी ह्यांनी विहिरीच्या पाण्यात मीठ घालून मासे सोडले. सगळे मेले. मासे देणारी काशी म्हणाली, "वयनी, मासे पाळताय की सार करताय?" तेव्हापासून मिरकरवाड्याहून रोज समुद्राचं पाणी येतं. उपसायचं आणि ओतायचं मी.

नवी तांबोशी आली तेव्हा कोपऱ्यातल्या काचेवर सारखं तोंड आपटायची. मला बघवत नसे. आज पाणी ओतताना पाहिलं, आता आपटत नाही. काच यायच्या वीतभर आधीच वळते.

दुपारी दादाला पत्र टाकलं, यंदा येऊ नकोस.

ह्यांना मी विचारलंच नव्हतं.