साहेब अगदी खुशीत आहेत

४ ऑक्टोबर. लॉजवर पोहोचलो. खिडकीतून अख्खा डोंगर तांबडा-पिवळा. भांडताना बायको म्हणाली, माझ्यावाचून आठ दिवस काढून दाखवा. आठ कशाला? महिना काढतो! तिने स्वतःहून ‘या’ म्हटल्याशिवाय घरी जाणे नाही. दहा तारखेपर्यंत म्हणेलच.

५ ऑक्टोबर, सकाळी ७. निश्चय : रोज पाच किलोमीटर चालणे. आपले कपडे आपण धुणे. तिच्याशी फोनवर न बोलणे. मोबाइलला इथे रेंज नाही, ते एक बरंच. लॉजवाल्या बाईंना बजावलं, हिचा फोन आला तर सांगा, साहेब फिरायला गेलेत, अगदी खुशीत आहेत.

दुपारी ४. आला! मी जिन्याखाली, लॉजच्या फोनजवळच उभा. बाईंनी चोख निरोप दिला.

९ ऑक्टोबर. चालणं उद्यापासून. धुतलेला शर्ट चार दिवस वाळतोय. स्वेटर एकच, त्यावर चहा सांडला. फोनवर ही विचारत होती, नीट जेवतात का? बाईंना खुणेने सांगितलं, दुप्पट म्हणा. खरं तर घास उतरत नाही.

१४ ऑक्टोबर. फोन रोज. बाई म्हणाल्या, एकदा बोला हो, आवाज रडवेला वाटतो. म्हणजे विरघळतेय! आता घाई केली तर सगळं मुसळ केरात. उद्या सांगा म्हटलं, साहेब गातातसुद्धा.

१७ ऑक्टोबर. फोन नाही. लाइन बिघडली असणार.

१८ ऑक्टोबर. लाइन चांगली आहे.

२३ ऑक्टोबर. झाडांचे खराटे झाले. पानांआडून पाण्याची टाकी निघाली, दिवसभर तीच बघतो. दात वाजतात. भांडणात चूक माझीच होती. पण ते कबूल करायची ही वेळ नव्हे.

२६ ऑक्टोबर. जिन्याखाली खुर्ची टाकून घेतली. ती हवी आहे मला. बास.

२९ ऑक्टोबर. मीच शेवटचा पाहुणा. उद्या लॉज हिवाळ्यापुरतं बंद. उद्या सकाळी फोन करतो. नक्की.

३० ऑक्टोबर, सकाळी १०. फोनला हात घातला आणि बसने खोकं आलं. तिचं अक्षर! वरच दोन स्वेटर, मफलर. डोळे भरून आले. जिंकलो! दुपारच्या बसने घरी.

सकाळी १०.३०. स्वेटरखाली रेनकोट. छत्री. त्याखाली माझे उन्हाळ्याचे सगळे शर्ट, इस्त्री करून. तळाशी चिठ्ठी. लिहिलंय, रोज ‘घरी या’ म्हणायलाच फोन करत होते, पण तुम्ही तिथे इतके सुखात आहात तर राहा.

बाई खाली कुलूप घेऊन उभ्या आहेत. विचारताहेत, साहेब, कुठली बस?