आधी गोळा, मग धावणं

२६ नोव्हेंबर १९९५

नाना हो म्हणाले. एकदाच.

"एक भरती. झाली तर झाली. नाही तर वैशाखात लग्न. मग रडायचं नाही."

मी मान हलवली. धुळ्याची पोलीस भरती. मैदानी परीक्षा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. बी.ए. झाल्यापासून पहिल्यांदाच एखाद्या तारखेची भीती वाटली.

आई चुलीपुढूनच म्हणाली, "इतकी पुस्तकं वाचली, अन् आता दंडुका घेशीन?"

२८ नोव्हेंबर

रोजचं ठरलं. आधी धावणं, मग खळ्यात बैठका आणि गोळाफेक. हा क्रम मी ठरवलेला नाही. गावानं ठरवलेला आहे.

मुलीला धावायला इथे एकच रस्ता — स्टेशनचा. आणि एकच वेळ — पहाटेचा अंधार. त्या वेळी त्या रस्त्याला बायकांची गोदरी असते. टमरेलं घेऊन बायका कडेला बसतात. पुरुष नदीकडे जातात. पहिली एसटी येईपर्यंत एकही पुरुष स्टेशनच्या रस्त्यावर पाऊल टाकत नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी मोडलेलंही नाही. एसटी गेली की रस्ता त्यांचा.

म्हणून अंधारात धावायचं, उजाडलं की गोळा. गोळा जुन्या शाळेतून मागून आणलाय. लोखंडी. थंडीत हाताला चिकटतो.

१ डिसेंबर

झुंबरकाकूंनी वाटेत धरलं. शेजारच्याच. बायकांच्या घोळक्यात सगळ्यात पुढे चालतात, सगळ्यात मोठ्यानं बोलतात.

"हेमे, तुह्या पायाची धपधप आली का आमले उठा लागते व! मानूस आला वाटते."

मला हे सुचलंच नव्हतं. मी पळत येते आणि अंधारात दोन्ही कडांनी बायका धडपडत उभ्या राहतात!

"मग काय करू?"

"तोंड नाही का तुले? रामराम म्हनत पय. आमले समजीन, अन् तुले पुन्य बी लागीन."

सगळ्या हसल्या. त्यांची सून भिकुबाई सगळ्यात जास्त. तिला सहावा महिना आहे. हसताना पोट धरून उभी होती.

७ डिसेंबर

धावण्याची वेळ चांगली. गोळा जवळच पडतो. हात थकत नाहीत — त्याआधी पायच संपलेले असतात.

१५ डिसेंबर

पुष्पावहिनी आल्या होत्या, बारशाला. आईच्या मावसबहिणीची सून. धुळ्याला पोलिसात आहेत. खळ्यात उभं राहून त्यांनी माझं सगळं बघितलं. शेंगा खात.

"तू बठ्ठं उलटं करी ऱ्हायनी," म्हणाल्या.

त्यांच्या वेळी मैदानावर आधी उडी होती, मग गोळा. धावणं शेवटी. अजून तसंच चालतं.

मी म्हटलं, शेवटी सगळं करायचंच आहे ना. आधी काय, नंतर काय?

"ताजा पायवर कोनी बी पळस. थकेल पायवर पळी दखाड."

त्यांच्या पुढची एक मुलगी गोळ्यात पहिली आली होती म्हणे. मोठी दांडगी. धावताना मध्येच बसली, ती बसलीच.

झोप येत नाही. इतके दिवस मी दुसऱ्याच परीक्षेची तयारी करत होते.

१७ डिसेंबर

क्रम फिरवून बघितला. अंधारात आधी गोळा. कंदील ठेवला, पण त्याचा उजेड गोळ्याबरोबर जात नाही. पहिलीच फेक — आवाज आला नाही. चाचपडत बसले. उजाडल्यावर सापडला, केळीच्या पाटात, चिखलात रुतलेला. तोवर एसटी गेली होती.

नुसत्या बैठका अंधारात होतील. पण पाय संपतात ते गोळ्यानं. प्रत्येक फेकीला खालपासून जोर द्यावा लागतो.

गोळ्याला उजेड लागतो. धावण्याला अंधार लागतो. आणि गोळा आधी यायला हवा.

१८ डिसेंबर

उजेडात धावणार.

१९ डिसेंबर

धावले. एसटी गेल्यानंतर. पाय दगडासारखे. निम्म्या वाटेत थांबावंसं वाटलं — वहिनी म्हणत होत्या ते हेच! थांबले नाही.

स्टेशनच्या रस्त्यावरच्या पुलावर अभिमन होता. केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीचा मुकादम. सायकलला पाय लावून उभा. बरोबर आणखी दोघं. मी जवळ गेले तेव्हा गप्प. पुढे गेले तेव्हा —

"चोर कोन्या बाजूनं गेला व, पोलीसबाई?"

हसणं बराच वेळ मागे येत राहिलं.

२३ डिसेंबर

पाय ऐकायला लागलेत. पुलावर आता पाच जण असतात. बिड्या.

२४ डिसेंबर

नानांना कुणीतरी सांगितलं. जेवताना मान वर न करता म्हणाले, "अंधारात आधी पळून घे. मग उजेडात काय फेकायचं ते फेक."

मी समजावलं. तिथला क्रम, थकलेले पाय, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. केळीच्या पाण्याबद्दल ऐकतात तसं.

"अन् उलट केलं तर काय होईल?"

"नापास होईन."

"हं."

भाकरी संपवून उठले. हात धुताना म्हणाले, "वैशाख लांब नाही."

याचा अर्थ पळ असा की पळू नको असा, ते कळलं नाही.

२९ डिसेंबर

जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी गोळ्याला निघाले होते. एसटी यायची होती. धुकं. स्टेशनच्या रस्त्यावरून बायका परत येत होत्या. भराभर, पदर ओढून. कुणी बोलत नव्हतं. बोलत नव्हतं म्हणूनच थांबले.

झुंबरकाकू माझ्यासमोर आल्या. टमरेल तसंच भरलेलं. पाणी माझ्या पायावर ओतलं.

"घे. आमचं काय काम नाही आता याचं."

पुलावरची जागा धरायला ते लोक आता लवकर येऊन बसतात. मी नेमकी कधी येईन ते त्यांना ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायची गरजही नाही. आधी येऊन बसलं की झालं. आज एसटीच्या कितीतरी आधी आले. अंधारात बिड्यांचे निखारे दिसले आणि सगळ्या बायका उठल्या. पुन्हा बसताच आलं नाही.

"आमचा रस्ता गेला व तुह्यापायी. माही सासू जाये त्या रस्त्यानं. कधी मानूस नाही दिसला."

मी म्हटलं, मी अभिमनशी बोलते.

"तू पयनं बंद कर."

३० डिसेंबर

अभिमनला गाठलं. पुलावरच. बाकीचे हसायला तयार होऊन उभे.

मी म्हटलं, एसटीच्या आधी इथे येऊ नका. बायकांची वेळ आहे.

तो हसला नाही. त्यामुळे जास्त वाईट झालं.

"रस्ता काय तुह्या बापाचा आहे? एसटी गेली का मानसाची येळ. त्या येळेत तू येते. तुले कोनी काही म्हनलं? तू आमच्या येळेत पयशीन ते चालीन, अन् आमी जरा लवकर आलो ते पाप?"



मग मी धावले. त्यांच्यासमोरून. पाठ ताठ ठेवून.

४ जानेवारी १९९६

बायका आता मध्यरात्रीनंतर कधीतरी जातात. नाही तर नाल्याच्या काट्यांत. भिकुबाई जातच नाही, पोट घेऊन नाल्यात उतरवत नाही. आई सांगत होती — ती दिवसभर पाणी पीत नाही, म्हणजे जावं लागत नाही.

मी धावते आहे.

९ जानेवारी

आज शेवटचा टप्पा जोरात. थकलेल्या पायांची एक वेगळी चाल असते. लहान पाऊल, हात खाली. ती सापडली. ताज्या पायांनी कधीच सापडली नसती.

घरी आले तर भिकुबाईला बैलगाडीत घातलं होतं. ताप, लघवीला आग. सावद्याला दवाखान्यात नेलं. झुंबरकाकू गाडीत मागे बसलेल्या. मला पाहिलं. शिवी देतील असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

१० जानेवारी

डॉक्टरनं सांगितलं, भरपूर पाणी पी. बाळ ठीक आहे.

भरपूर पाणी!

११ जानेवारी

थांबावं. तीनच आठवडे राहिलेत. अंधारात आधी धावून घ्यावं, पुलावरचे दोन दिवस वाट बघतील, कंटाळतील, नदीकडे जातील. रस्ता पुन्हा होईल. आणि माझे पाय मैदानावर बसतील, ते बसतीलच.

रात्रभर दोन्ही बाजू मांडल्या. कॉलेजात दोन्ही बाजू मांडून निबंध लिहायचा असे. शेवटी "दोहोंचा समन्वय" असं लिहिलं की गुण मिळत.

इथे समन्वय नाही.

१२ जानेवारी

आधी गोळा. मग धावले.

२० जानेवारी

आई माझ्याशी कमी बोलते. तीही आता नाल्यात जाते. मीही जाते. काट्यानं साडी फाटली तिची. मला दाखवली नाही, वाळत घातलेली दिसली.

२ फेब्रुवारी, धुळे

पुष्पावहिनींकडे. परीक्षा झाली.

उडी बरी. मग गोळा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब! पण त्याचा आनंद धरून ठेवायला वेळ नव्हता. लगेच धावायला उभं केलं. शेजारी एक शिंदखेड्याची मुलगी. उंच, पावलं हरणासारखी. शिट्टी झाल्याबरोबर सगळ्यांच्या पुढे गेली. मला वाटलं, संपलं.

मग पाय दगड झाले. ओळखीचे दगड. मी लहान पाऊल धरलं. पुढच्या एकेक जणी मागे जायला लागल्या. शिंदखेड्याची मैदानाच्या कडेला वाकून उभी होती, ओकत होती. मी तिच्या शेजारून पुढे गेले.

शेवटच्या वळणावर कानात टाळ्या नव्हत्या. बिडीचा वास होता. मैदानावर कुणी बिडी ओढत नव्हतं.

वहिनींनी पाठीवर थाप मारली. "दख, सांगेल व्हतं ना मी!"

१४ मार्च

भिकुबाईला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. मी गेले होते. झुंबरकाकूंनी पाट दिला, चहा दिला. बोलल्या नाहीत. बाळ मांडीवर दिलं नाही.

६ मे

लेखी झाली, तोंडी झाली, यादी लागली. निवड!

नानांनी गावभर पेढे वाटले. स्वतः. मी दारात बसून बघत होते. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येताना त्यांची टोपी वाकडी झाली होती.

वैशाखाचा विषय निघाला नाही.

झुंबरकाकूंनी पेढा घेतला. आईनं विचारलं, खाल्ला का? नाना म्हणाले, पदरात बांधला.

११ मे

धुळ्याला हजर व्हायचा कागद आला. पुढचा आठवडा.

दुपारी अभिमन समोरून आला. सायकलवरून उतरला. "नमस्कार मॅडम." खालच्या आवाजात. मागे कुणी हसलं नाही. मी खूप दिवस अशा वेळेची वाट बघत होते, असं मला वाटायचं. काही वाटलं नाही.

पुलावर अजून बसतात. मी धावायचं थांबवलं तरी. आता सवयीनं बसतात.

१५ मे

अंधारात पुलावर जाऊन बसले. एकटीच. धावले नाही. थोड्या वेळानं सायकल आली. मला पाहून थांबली. काही न बोलता नदीकडे वळली. मागचेही वळले. मग बायका आल्या. एक, मग चार, मग सगळ्या. मी पाठ करून बसले.

परतताना झुंबरकाकू माझ्याजवळ थांबल्या. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलल्या —

"उद्या बी ये व."

हो म्हणाले. आजच सकाळच्या गाडीनं मी धुळ्याला निघते आहे. ते सांगितलं नाही.