कडू दुधी

१५ सप्टेंबर, रविवार
आज गल्लीत दोघींनी थांबवलं! "आप ही 'छत की खेती' लिखती हैं ना?" हिंदी पेपरातलं माझं रविवारचं सदर सुरू झाल्यापासून दुर्गाघाटावर जिकडेतिकडे गच्चीवर जाळ्या ताणलेल्या — माकडांपासून वांगी वाचवायला.
आजचा लेख दुधीवर. शेवट मलाच फार आवडला — कडू निघाला तर फेकू नका, कडूपणातच औषध असतं. लिहिता लिहिता सुचलं.

१७ सप्टेंबर
समोरचे बिंदुमाधवकाका जिन्याखालून हाका मारत होते. शाळेतून रिटायर झाल्यावर माझे लेख वाचून बागेला लागलेत. "शरदिनी, माझा पहिला दुधी! पण कडूजहर गं!" मी घाईत. "मग उत्तमच की काका! सकाळी उपाशीपोटी रस घ्या." खूश होऊन गेले.

१८ सप्टेंबर
काकांना इस्पितळात नेलं. रक्ताच्या उलट्या.

१९ सप्टेंबर
काका ग्लानीत आहेत. त्याआधी डॉक्टरांना म्हणाले होते, कोपऱ्यावरची कचोरी खाल्ली. त्यांची मुलगी अंबिका आज त्या कचोरीवाल्यावर तुटून पडली. माणसं जमली. तो हात जोडून उभा — "बहनजी, सबने वही खाई है."
मी तिथेच होते. गर्दीतून मागच्या मागे सटकले.
घरी येऊन मोबाइलवर शोधलं. पहिल्यांदाच! कडू दुधीचा रस विषारी असतो, माणूस दगावूही शकतो. सरळ लिहिलंय, कुणालाही सापडेल असं. आणि वाचताना माझ्या मनात आधी काय आलं? — सदर जाईल. काका नंतर आठवले. शी!

२० सप्टेंबर
इस्पितळात गेले. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, अंबिकेसमोरच. "लिखने से पहले पढ़ लेतीं," एवढंच बोलून त्या पेशंटकडे वळल्या. अंबिका पाठ फिरवून बाबांच्या खाटेकडे गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
येताना कचोरीवाल्याकडे थांबले. येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत सांगितलं — चूक तुमची नाही, माझी. तो कढईकडे बघत म्हणाला, "कल से कोई आया नहीं."
मग संपादकांना फोन. "दो लाइन का भूल-सुधार डाल देंगे, मैडम." नको म्हटलं. पूर्ण लेख हवा — मी काय लिहिलं, कुणाला काय झालं. "फिर कॉलम नहीं चल पाएगा." नाही चाललं तर नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
सगळं छापून आलं. ह्यांनी वाचलं, पेपरची घडी घातली, चहा पुढे सरकवला.
काका अजून धड शुद्धीवर नाहीत.

२४ सप्टेंबर
काका बोलायला लागले!
अंबिका जिन्यात भेटली. माझ्याकडे न बघताच म्हणाली — "बाबांनी कचोरी खाल्लीच नव्हती, ताई. रसच बाधला, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मुद्दाम खोटं बोलले. म्हणाले, शरदिनीचं लिहिणं बंद पडलं असतं."